यात्रेहून परतल्यावर प्रवाशांना कावीळ झाली. कंपनीचं नाव कसं सांभाळायचं?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकची, वडिलांनी उभी केलेली यात्रा कंपनी. उत्तर भारताची 14 दिवसांची बस, 42 प्रवासी, सोबत आपलाच आचारी. परत येऊन महिना झाला आणि 9 जणांना कावीळ निघाली. दोघांच्या रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस ई आला आहे. एका प्रवाशाच्या मुलाने कंपनीचं नाव घालून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिलं, गुगलवर एक स्टार दिला. पुढच्या बसचं निम्मं बुकिंग डळमळतंय. वकील म्हणतात, तोंड उघडू नका. एक एजन्सी म्हणते, महिन्याभरात 200 चांगले रिव्ह्यू टाकून देतो. सिंहस्थ तोंडावर आलाय. काय करावं?

तुम्ही आजारी पडलेल्या 9 जणांबद्दल लिहिलंत, रिव्ह्यूबद्दल लिहिलंत, पुढच्या बसबद्दल लिहिलंत. उरलेल्या 33 जणांबद्दल मात्र एक ओळही नाही. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या कंपनीचं नाव राहणार की जाणार हे त्या 33 घरांत ठरणार आहे.

हिपॅटायटिस ईचे विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसायला 2 ते 10 आठवडे लागू शकतात, बहुतेकांना 5-6 आठवडे लागतात. म्हणजे तुमच्या बसमधल्या ज्यांना आज काहीच होत नाहीये, त्यांच्यापैकी काहींना पुढच्या महिना-दीड महिन्यात त्रास सुरू होऊ शकतो. त्यांना हे आज कोणी सांगितलेलं नाही. उद्या त्यांना थकवा येईल, जेवण नकोसं वाटेल, लघवी गडद होईल आणि तेव्हा कुठून तरी कळेल की याच बसमधल्या 9 जणांना कावीळ झाली होती आणि कंपनीला ते ठाऊक होतं. आज तुमच्यावर राग आहे तो आजारपणाचा. तेव्हा जो राग येईल तो लपवल्याचा असेल, आणि त्या रागाला माझ्याकडे तरी औषध नाही.

म्हणून आजच्या आज प्रवाशांची यादी काढा आणि स्वतः फोन करा. ऑफिसातल्या मुलीला करायला लावू नका. ज्यांना तुमच्या वडिलांनी बुकिंग दिलं होतं, त्यांना वडिलांनी फोन करावा. बोलायचं ते असं: "काका, आपल्या यात्रेतल्या 9 जणांना कावीळ झाली आहे. दोघांना हिपॅटायटिस ई असल्याचं रिपोर्टमध्ये आलंय. कशामुळे झालं ते अजून कळलेलं नाही. तुम्हाला काही त्रास आहे का? नसला तरी अजून दीड महिना लक्ष ठेवा, काही वाटलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि या यात्रेचं सांगा. घरात कोणी गरोदर आहे का?"

हा शेवटचा प्रश्न विसरू नका. एरवी हा आजार बहुतेकांचा विश्रांतीने आपोआप बरा होतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार 20 ते 25 टक्क्यांपर्यंत बायका दगावू शकतात. तुमच्या बसमधले बरेच प्रवासी साठीपुढचे असतील. त्यांच्या घरी सून असते, बाळंतपणाला आलेली लेक असते. हा विषाणू मुख्यतः दूषित पाण्यातून पसरतो, माणसाकडून माणसाला थेट लागण कमी होते. तरी ज्या घरात गरोदर बाई आहे तिथे डॉक्टरांना आधी कळलेलं बरं. आधीपासून यकृताचा आजार असलेल्यांनाही हेच सांगा.

फोनवर औषध सुचवू नका. आपल्या भागात कावीळ म्हटली की झाडपाला देणारा, कावीळ उतरवणारा कुठे बसतो हे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यावर वाद घालत बसू नका, पण रक्त तपासून घ्या एवढं आग्रहाने सांगा आणि तपासणीला पैसे अडत असतील तर ते तुम्ही भरा. दिंडोरी-पेठकडच्या एखाद्या वाडीवरचे आजोबा फोन उचलत नसतील तर माणूस पाठवा. यादीत प्रत्येक नावापुढे तारीख, वेळ आणि काय बोलणं झालं ते लिहून ठेवा.

दुसरं काम आरोग्य विभागाला लेखी कळवण्याचं. शहरातले प्रवासी असतील तर महापालिकेचा वैद्यकीय विभाग, सिन्नर, निफाड, चांदवडचे असतील तर जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात 2004 पासून आहे आणि असे एकाच ठिकाणाहून आलेले रुग्ण शोधणं हेच त्याचं काम आहे. इथे बहुतेक मालकांचे पाय अडखळतात. आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा, असं वाटतं. पण 9 रुग्ण वेगवेगळ्या दवाखान्यांत गेले आहेत आणि प्रत्येकाने यात्रेचं नाव घेतलं असणारच. खबर जायची ती जाणार. ती तुमच्या सहीच्या पत्राने गेली तर पुढे कुठेही, ग्राहक आयोगातसुद्धा, तुम्ही दडवलं असं म्हणता येणार नाही.

पत्रासोबत एक तक्ता द्या. हा तक्ता करताना तुमची खरी परीक्षा आहे, कारण बहुतेक यात्रा कंपन्यांकडे डिझेलचा हिशेब लिटरपर्यंत असतो आणि पाण्याचा अजिबात नसतो. तारीख, मुक्काम, ड्रम कुठे भरला, जार कोणाकडून घेतले, बाहेर कुठे नाश्ता झाला, बर्फ घातलेलं सरबत किंवा उसाचा रस कुठे प्यायले, कोशिंबीर कधी केली. आचाऱ्याची वही, किराण्याची बिलं, ड्रायव्हरची आठवण, प्रवाशांच्या मोबाइलमधले फोटो, सगळं घेऊन दोन तास बसा. फोटोंचा फार उपयोग होतो. जेवणाच्या पंगतीच्या फोटोत मागे जार दिसतो, त्यावरचं लेबल दिसतं किंवा लेबल नाही हे दिसतं. कोण संपूर्ण प्रवासात स्वतःच्या सीलबंद बाटलीचंच पाणी पीत होतं आणि कोण ड्रममधून घेत होतं हेही विचारा. पण निष्कर्ष तुम्ही काढू नका. आजार दिसायला 2 ते 10 आठवडे लागतात म्हटल्यावर कारण यात्रेतल्या एखाद्या धर्मशाळेची टाकी असू शकतं, तसंच नाशिकच्या एखाद्या कॉलनीतली गटाराशेजारून गेलेली फुटकी पाइपलाइनही असू शकतं. "आमच्या बसमुळे झालंच नाही" आणि "अमुक धर्मशाळेमुळे झालं" ही दोन्ही वाक्यं आज तुमच्या तोंडून येता कामा नयेत. आचाऱ्यावर ढकलण्याचा मोह तर मुळीच नको. त्याला तपासणीला न्या, तोही त्याच ड्रमचं पाणी प्यायलाय.

आता वकिलांचं. कबुली देऊ नका, या त्यांच्या सल्ल्याशी मी सहमत आहे. बोलूच नका, याच्याशी अजिबात नाही. विचारपूस करणं, माहिती देणं आणि दोष कबूल करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्या दोन थांबवायला सांगणारा कायदा मला माहीत नाही. मौनाची किंमत किती पडते ते ब्रिटनच्या थॉमस कुकच्या प्रकरणात दिसलं. 2006 मध्ये त्यांच्यामार्फत ग्रीसच्या कोर्फू बेटावर गेलेल्या कुटुंबातली दोन लहान मुलं हॉटेलच्या सदोष बॉयलरमधून आलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेली. ग्रीसमधल्या खटल्यात हॉटेलची माणसं दोषी ठरली, कंपनीचे कर्मचारी सुटले. कायद्याच्या भाषेत कंपनी बरीचशी मोकळी होती. पण 2015 मध्ये इंग्लंडमधल्या चौकशीत ज्युरीने कंपनीने काळजी घेण्याचं कर्तव्य पाळलं नाही असं म्हटलं, आणि त्याच चौकशीत कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखाने आमची चूक नव्हती म्हणून माफीचा प्रश्न येत नाही अशी भूमिका घेतली. त्यातच बातमी आली की हॉटेलकडून कंपनीने घेतलेली भरपाई आईवडिलांना मिळालेल्या रकमेहून कितीतरी जास्त होती. ओरड झाल्यावर कंपनीने 15 लाख पाउंड युनिसेफला देण्याचं जाहीर केलं, तेही त्या आईवडिलांना न विचारता. माफी आली ती या सगळ्यानंतर, अपघातानंतर साडेआठ वर्षांनी. (भारतातली त्याच नावाची कंपनी 2012 पासून वेगळ्या मालकीची आहे, तिचा यात संबंध नाही.) ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याशी बोलायच्या आधी जगाशी बोललात की काय होतं, ते या दानातून कळतं. पैसे मोठे होते, पण पत्ता चुकीचा होता.

तेव्हा वकिलांना एवढंच विचारा: "विचारपूस आणि माहिती यांचा मसुदा मी करतो, त्यात कबुली वाटेल असा शब्द आला तर तेवढा दाखवा." मसुदा साधारण असा असावा:

"आमच्या यात्रेहून परतलेल्या 42 प्रवाशांपैकी 9 जणांना कावीळ झाल्याचं आम्हाला कळलं आहे. सर्व प्रवाशांना आम्ही स्वतः फोन करून कळवत आहोत. आरोग्य विभागाला अमुक तारखेला लेखी माहिती आणि मुक्कामांचा तपशील दिला आहे. कारण अद्याप निश्चित झालेलं नाही. ते कळेल तेव्हा आणि नाही कळलं तरीही, आम्ही पुन्हा लिहू. आजारी प्रवाशांच्या तपासणीचा खर्च आम्ही करत आहोत. या यात्रेला आलेल्या कोणाला त्रास होत असेल तर या क्रमांकावर थेट मालकांशी बोला."

खाली नाव आणि स्वतःचा मोबाइल नंबर. फुलांचं चित्र नको, देवाचा फोटो नको, "आपला विश्वास हीच आमची पुंजी" असली ओळ नको. ज्या घरात माणूस पिवळा पडून झोपलाय तिथे ही ओळ जखमेवर मीठ चोळते. हा मजकूर आधी प्रवाशांच्या ग्रुपवर, मग येवला-सिन्नरकडे जे तुमचं बुकिंग घेतात त्या एजंटांना, मग बाकी सगळीकडे. एजंटांना लोकांच्या तोंडून कळलं तर पुढच्या वर्षी ते दुसऱ्याच्या बसची पावती फाडतील. पत्रकाराचा फोन आला तर हाच कागद वाचून दाखवा आणि उत्तर देणारा माणूस एकच ठेवा.

ज्या मुलाने ग्रुपवर लिहिलं त्याला नोटीस पाठवायचा विचार मनात असेल तर काढून टाका. त्याची आई किंवा वडील आजारी आहेत. त्याला फोन करा, शक्य असेल तर घरी जा, सोबत पेढे-फळं न नेता आरोग्य विभागाला दिलेल्या पत्राची प्रत न्या. पोस्ट काढ असं म्हणू नका. त्याला जे विचारायचंय ते विचारू द्या. अशा भेटीनंतर माणसं बऱ्याचदा स्वतःहूनच त्या पोस्टखाली दोन ओळी घालतात. नाही घातल्या तरी भेट वाया गेली असं मी समजत नाही.

गुगलवरच्या रिव्ह्यूला एकदाच उत्तर द्या, छोटं आणि नम्र. त्यात प्रवाशाचं नाव, आजार, रिपोर्ट यातलं काही लिहू नका, त्याने स्वतः लिहिलं असलं तरी. कोणाच्या तब्येतीची माहिती चव्हाट्यावर मांडायचा अधिकार आपल्याला नाही. "तुमच्याशी मालकांनी थेट बोलणं केलं आहे, आरोग्य विभागाला कळवलं आहे, पुढची माहिती इथेच देऊ" एवढं पुरे. आणि ती 200 रिव्ह्यूंची एजन्सी आजच नाकारा. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक 2022 मध्येच काढलंय, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाई होते. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा: कावीळ झालेल्या घरातली माणसं रोज तुमचं पान उघडून बघत आहेत. तिथे एका रात्रीत अनोळखी नावांनी "उत्तम सोय, रुचकर जेवण" असं येऊ लागलं तर त्यांना काय वाटेल?

पैशांबद्दल जरा मोकळेपणाने लिहिते, कारण नाशिकच्या लोकांची यात्रा कंपन्यांबद्दलची जखम अजून ओली आहे. 2020 च्या मार्चमध्ये सगळं थांबलं तेव्हा अनेकांचे पैसे अडकले. विमान तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी निकाल दिला. लॉकडाउनच्या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत द्यायला सांगितले, आणि एजंटमार्फत तिकीट असेल तर एजंटकडे आलेले पैसे त्याने लगेच प्रवाशाला द्यावेत असंही सांगितलं. बस यात्रांना मात्र असं स्पष्ट बंधन नव्हतं, तिथे प्रत्येक मालकाने आपापल्या मनाने केलं. काहींनी हप्त्याहप्त्याने का होईना पैसे दिले, काहींनी "पुढच्या यात्रेत वळते करू" म्हणून फोन उचलणं बंद केलं. कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत लोकांना आजही ती नावं पाठ आहेत, दोन्ही प्रकारची.

म्हणून पुढच्या बसमधून जो नाव काढू म्हणेल त्याच्यापुढे पावतीच्या मागच्या बारीक अक्षरातल्या अटी ठेवू नका. हॉटेलला दिलेला ॲडव्हान्स खरोखर बुडत असेल तर आकडा दाखवा आणि उरलेले पैसे कधी देणार ती तारीख लिहून द्या. पैसे नसतील तर हप्ते सांगा, पण सांगितलेला हप्ता चुकवू नका. आजारी प्रवाशांच्या उपचाराला मदत करताना वकिलांकडून एक साधा कागद करून घ्या, की ही मदत माणुसकीने दिली आहे आणि तिने कोणाचेही कायदेशीर हक्क जात नाहीत. त्या कागदावर "यापुढे माझी काही तक्रार नाही" असं लिहून सही मागू नका. ग्राहक आयोगात जायला त्यांच्याकडे दोन वर्षं आहेत आणि आजारपणात घेतलेली अशी सही तिथे तुमच्याच विरोधात उभी राहील. प्रवास विमा काढला असेल तर विमा कंपनीला आजच कळवा. उशिरा कळवण्यावरून दावे अडतात.

पुढची बस सोडायची का? त्याच मुक्कामांवर, त्याच पाण्याच्या व्यवस्थेवर असेल तर नाही, पुढे ढकला. मुक्काम आणि पाणी दोन्ही बदलणार असाल तर प्रत्येकाला बदल सांगून सोडा. 1994 च्या सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेग आला, लाखो लोक शहर सोडून गेले. आपल्याकडे सापुताऱ्यावरून येणारी-जाणारी बस बघूनसुद्धा लोक तोंडाला रुमाल लावत होते, असं जुनी माणसं सांगतात. 1995 मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि काही वर्षांत तेच शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणलं जाऊ लागलं. त्यात जाहिरातीचा वाटा नव्हता. कचरा उचलला जातो हे लोकांना रोज आपल्या दारात दिसत होतं.

तुम्हालाही दिसेल असंच काहीतरी करावं लागेल. माझा सल्ला पाण्यापासून सुरू करायचा आहे. पिण्याचं पाणी उकळून घेणं सगळ्यात खात्रीचं, पण बसच्या धावपळीत 42 माणसांचं पाणी रोज उकळून निववणं अवघड आहे हे मला कळतं. मग ड्रममध्ये क्लोरीनचं द्रावण पाकिटावरच्या प्रमाणात घालायचं, अर्धा तास थांबायचं आणि मग तपासायचं. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी वापरतो तसलं ओटी टेस्टचं छोटं किट मिळतं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं आणि बाजूच्या रंगपट्टीशी जुळवून बघायचं. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, ते प्यायचं नाही. हे काम स्वयंपाकाच्या राहुटीमागे न करता नाश्त्याच्या वेळी सगळ्यांसमोर करा, रोज एका प्रवाशाच्या हातून करवा आणि वहीत त्याची सही घ्या. थंड पाण्याचे सुटे जार बंद करा. ते थंड असतात, शुद्ध असतातच असं नाही. बर्फ, कच्ची कोशिंबीर, आधी वाटून ठेवलेली चटणी हेही थांबवा. आचाऱ्याच्या हातांसाठी साबण आणि वाहतं पाणी कुठे आहे ते मुक्काम ठरवतानाच बघा. अन्न व औषध प्रशासनाचा परवाना किंवा नोंदणी तुमच्या स्वयंपाकाला लागू होते, ती नसेल तर आधी ती करा.

मग सिंहस्थाचं. 2026-27 चा मेळा म्हणजे रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या बाहेरगावच्या लोकांची सोय करायची संधी, आणि तिची बोलणी आतापासून चालली असणार. तुम्हाला वाटतंय की हे प्रकरण त्याआधी मिटलं पाहिजे. ते मिटणार नाही, बोलणी करताना समोरचा विचारणारच. तेव्हा "100 टक्के सुरक्षित" असं छापू नका, लाखोंच्या गर्दीत ते वचन कोणीही पाळू शकत नाही. तुमची पाण्याची वही आणि आरोग्य विभागाला दिलेलं पत्र टेबलावर ठेवा. मी गट बुक करणारी असते तर ज्याच्याकडे ही वही आहे त्यालाच काम दिलं असतं.

यात्रा परतल्यापासून दहा आठवडे पूर्ण होतील तो दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवा. त्या दिवशी सर्व 42 घरांना पत्र जाऊ द्या: एकूण किती जण आजारी पडले, आता कोण कसं आहे (नावं न घालता), आरोग्य विभागाने काय सांगितलं, आपण काय बदललं. विभागाकडून काहीच उत्तर आलं नसेल तर तसं लिहा आणि तुम्ही कोणत्या तारखांना विचारणा केली तेही लिहा. त्यानंतर नवे रुग्ण निघण्याची शक्यता बरीच कमी होते, पण तोवर कोणी रुग्णालयात असेल तर त्या घरी पत्र टपालाने न पाठवता तुम्ही स्वतः घेऊन जा.